खरेदीतही सावड हवी

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, ओढ्यानाल्यांचे पाणी विहिरींत उतरले, की ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोपऱ्यात ठेवलेल्या एका पोत्याची सर्वांना आठवण होते. हे पोते विरंजक चूर्णाचे; खेड्यापाड्यांत त्याला सरसकट टी.सी.एल. पावडर म्हणतात. जलसुरक्षकाने ती ठरलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळावयाची आणि गावाने निर्धास्तपणे पाणी प्यावयाचे, अशी ही साधी व्यवस्था आहे. परंतु चांगल्या, ताज्या चूर्णात तेहतीस टक्क्यांच्या आसपास असलेला क्लोरीन ऊन, दमट हवा आणि काळ यांमुळे घटत जातो. तो वीस टक्क्यांच्या खाली गेला की ते चूर्ण शुद्धीकरणास निरुपयोगी मानले जाते. पोते तेच, रंग तोच, मोजलेली किंमतही तीच. गुण मात्र उडून गेलेला. मग पाणीस्रोतांच्या पाहणीनंतर गावाच्या हाती लाल कार्ड पडते. कधी कधी कार्डाच्या आधी अतिसाराची साथच येऊन पोचते.

हे पोते खरेदी कसे होते, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत सहसा कोणी विचारीत नाही. धरणे, महामार्ग, विमानतळ यांच्या निविदांवर विधिमंडळात वादळे होतात. पण विरंजक चूर्ण, रस्त्यावरचा दिवा, शाळेचे बाक, अंगणवाडीचा वजनकाटा आणि कार्यालयातील संगणक यांची खरेदी हा कारकुनी मामला समजला जातो. वस्तुतः सामान्य माणसाचा शासनाशी जो रोजचा संबंध येतो तो याच वस्तूंच्या द्वारे. दिवा लागला की नाही, बाक मोडला की टिकला, पाणी शुद्ध झाले की नाही, यावरूनच त्याच्या लेखी स्वराज्याची किंमत ठरते. म्हणून या लहान खरेदीचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे.

एकाकी ग्राहकाचे दुबळेपण

ग्रामपंचायतीच्या खरेदीची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. मासिक सभेत ठराव होतो. तीन दरपत्रके मागविली जातात. त्यांतील सर्वांत कमी दराचे स्वीकारले जाते. माल येतो, साठा नोंदवहीत नोंद होते, देयक निघते. कागदोपत्री यात काहीही न्यून नाही. परंतु ज्यांनी अशी दप्तरे चाळली आहेत त्यांना हेही ठाऊक असते की, तीन वेगवेगळ्या दुकानांची दरपत्रके पुष्कळदा एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि एकाच दिवशी लिहिलेली असतात. स्पर्धेचा देह उपस्थित असतो. प्राण मात्र कधीच निघून गेलेला असतो.

याला केवळ भ्रष्टाचार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने रोगाचे निदान होत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते) सचोटीचे आहेत असे गृहीत धरले तरी एका गावाने काय करावे? त्याला लागणार चार-दोन पोती. एवढ्यासाठी कारखानदार दारी येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणचा व्यापारी जे देईल ते घ्यावे लागणार. मालाची परीक्षा करण्याचे साधन गावाजवळ नाही. माल हिणकस निघाला तर पुरवठादारावर कारवाई करण्याइतका वेळ नाही आणि पैसाही नाही. पुरवठादारही आपल्या परीने हिशेब करतो. मागणी थोडी, वाहतूक दूरची, देयक कधी निघेल याची शाश्वती नाही. या सर्व अनिश्चिततेची किंमत तो दरात मिसळतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकती करावीत असे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे. पण ज्याला पुन्हा त्याच कार्यालयाशी व्यवहार करावयाचा आहे असा लहान व्यापारी त्या कायद्याचे पुस्तक घेऊन दारात उभा राहत नाही. तो निमूटपणे दर वाढवून ठेवतो.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आणि ३५१ पंचायत समित्या आहेत. म्हणजे सरासरीने एका तालुक्यात ऐंशी ग्रामपंचायती येतात. एकाच वस्तूसाठी या ऐंशी ठिकाणी ऐंशी ठराव होतात, प्रत्येकी तीन या हिशेबाने दोनशे चाळीस दरपत्रके गोळा होतात, ऐंशी धारिका तयार होतात आणि ऐंशी वेळा लेखापरीक्षकाचे शेरे लागतात. वस्तू दहा असतील तर हाच पसारा दसपट. इतक्या श्रमातून निष्पन्न काय होते? प्रत्येक गाव बाजारात एकटे जाते आणि एकट्या ग्राहकाला जो भाव मिळतो तो पदरात घेऊन परत येते.

आपल्या वित्तीय नियमांतील एक विसंगती येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी एकत्रित मागणीचे तुकडे पाडून खरेदी करू नये, असा दंडक केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहे आणि तो योग्यच आहे. एका कार्यालयाने दहा खुर्च्यांच्या दोन दोन करून पाच खरेद्या केल्या तर तो दोष ठरतो. परंतु एका तालुक्यातील ऐंशी कार्यालयांनी एकच वस्तू ऐंशी तुकड्यांत घेतली तर तिला कोणी दोष म्हणत नाही; ती रीतसर पद्धत ठरते. तुकडे पाडणे हा अपराध असेल, तर व्यवस्थेनेच पाडून ठेवलेल्या तुकड्यांचे काय?

अधिकार आले, बळ आले नाही

हे असे का झाले याचे उत्तर आपल्या विकेंद्रीकरणाच्या इतिहासात आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्रिस्तरीय रचनेत जिल्हा परिषदेला महत्त्वाचे स्थान मिळाले आणि गावाची पुष्कळशी खरेदी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ लागली. पुढे १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामपंचायती व नगरपालिका यांना घटनात्मक प्रतिष्ठा लाभली. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार २०१५ पासून केंद्रीय अनुदान थेट ग्रामपंचायतींच्या खात्यांत जमा होऊ लागले. पंधराव्या आयोगाने त्यात जिल्हा परिषद व पंचायत समिती यांनाही वाटा दिला आणि २०२१ ते २०२६ या काळासाठी साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिली.

हा प्रवास स्वागतार्ह आहे. गावाचा पैसा गावाच्या हाती असावा या तत्त्वाविषयी आज दुमत होण्याचे कारण नाही. परंतु पैसा खर्च करण्याचा अधिकार देणे आणि तो नीट खर्च करण्याचे सामर्थ्य देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्तूचे तांत्रिक वर्णन कसे लिहावे, मानचिन्ह कसे तपासावे, नमुना कोठे पाठवावा, हमीची मुदत कशी पाळून घ्यावी, हे शिकविण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. गावाच्या खिशात पैसे आले, पण बाजारातील त्याची पत पूर्वीइतकीच राहिली.

केंद्रीकरणाचा उतारा

विखुरलेल्या खरेदीचे दोष दिसू लागले की आपल्याकडे एकच उतारा सुचविला जातो. सर्व खरेदी मंत्रालयाकडे घ्या, म्हणजे भाव उतरेल, गुणवत्ता वाढेल आणि भ्रष्टाचाराला आळा बसेल. हा उतारा आपण अनेकदा घेऊन पाहिला आहे. त्याचा परिणाम काय झाला ते प्रामाणिकपणे आठवले पाहिजे.

राज्य पातळीवर दरकरार करावयाचे आणि सर्व कार्यालयांनी त्या दराने माल घ्यावयाचा, ही पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ होती. २०१५ साली महिला व बालविकास विभागाने एकाच दिवसात चोवीस शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटी रुपयांच्या खरेदीला मान्यता दिली, तेव्हा मोठे वादंग माजले. त्या आरोपांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या प्रकरणानंतर दरकरारांवरचा लोकांचा भरवसा उडाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये शासनाला खरेदीची सुधारित नियमपुस्तिका आणावी लागली. औषधांची कथा याहून बोलकी आहे. २०१७ साली सरकारी रुग्णालयांसाठी लागणाऱ्या औषधांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आली. पुरवठा वेळेवर होत नसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि अखेर २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले.

शिक्षकवर्गाला तर आणखी एक ताजे उदाहरण तोंडपाठ असेल. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात शासनाने शाळांचे गणवेश राज्य पातळीवरून पुरविण्याचे ठरविले. कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून, वाटप तिसरीकडून, अशी ही योजना होती. जूनमध्ये शाळा उघडल्या, स्वातंत्र्यदिन आला आणि गेला, तरी कित्येक मुलांच्या अंगावर नवा गणवेश चढला नव्हता. ज्यांना मिळाला त्यांच्यापैकी पुष्कळांना तो बसत नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा निर्णय फिरविला आणि पुढील वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली.

मात्र याच शाळेत याच मुलांच्या हाती जी पाठ्यपुस्तके असतात त्यांचा अनुभव निराळा आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली बालभारती संपूर्ण राज्यासाठी पुस्तके तयार करते आणि एकगठ्ठा छापून घेते. अधूनमधून उशिराच्या तक्रारी झाल्या तरी पाठ्यपुस्तके प्रत्येक गावाने स्वतंत्रपणे छापून घ्यावीत असे कोणी म्हणणार नाही. पुस्तक यशस्वी आणि गणवेश अयशस्वी, असे का व्हावे? कारण उघड आहे. पुस्तक सर्वांना सारखे लागते. गणवेश ज्याच्या त्याच्या मापाचा लागतो. काही वस्तू मानकाने घ्यावयाच्या असतात आणि काही मापाने. मानकाच्या वस्तू एकत्र घेतल्या तर लाभ होतो. मापाच्या वस्तू एकत्र घेतल्या तर घोटाळा होतो. विरंजक चूर्ण, विजेचे दिवे, जलवाहिन्यांचे नळ, वजनकाटे, संगणक या मानकाच्या वस्तू होत. गणवेश, शालेय पोषण आहारातील भाजीपाला, इमारतीची किरकोळ दुरुस्ती या मापाच्या. खरेदीच्या कोणत्याही सुधारणेचा आरंभ या विवेकापासून व्हावयास हवा.

एकत्र येण्याचे फळ

एकत्र मागणीचे सामर्थ्य किती असते याचा दाखला एल.ई.डी. दिव्यांनी दिला आहे. केंद्र शासनाच्या एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या कंपनीने निरनिराळ्या राज्यांतील मागणी एकवटून दिव्यांच्या निविदा काढल्या. २०१४ च्या आरंभी जो दिवा खरेदीत ३१० रुपयांच्या घरात पडत होता तो दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत खाली आला. यात तंत्रज्ञान स्वस्त झाल्याचाही वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही कोट्यवधी दिव्यांची खात्रीची मागणी समोर दिसल्यावाचून कारखानदारांनी उत्पादन इतके वाढविले नसते, हेही तितकेच खरे.

परंतु भाव उतरणे हे अर्धे यश. उरलेले अर्धे यश वेळेवर पुरवठा आणि खात्रीची गुणवत्ता यांत असते. त्यासाठी तामिळनाडूकडे पाहावे. त्या राज्याने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. वरवर पाहता ही केंद्रीय खरेदीच आहे. पण तिची रचना बारकाईने पाहिली तर तिच्या यशाचे मर्म कळते. आवश्यक औषधांची मर्यादित यादी ठरविलेली. दर महामंडळाने ठरवावयाचा. माल मात्र जिल्ह्याजिल्ह्यातील गोदामांत उतरावयाचा. प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज वाटप नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक दिलेले. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते आणि त्या मर्यादेत कोणते औषध किती उचलावयाचे हे ते रुग्णालय ठरविते. भाव सर्वांचा एक, निवड ज्याची त्याची, असा हा मेळ आहे. आपण केंद्रीकरण उचलले, पासबुक विसरलो.

इंग्लंडमध्ये १९७४ साली स्थानिक प्रशासनाची पुनर्रचना झाली, त्याच वर्षी यॉर्कशर भागातील स्थानिक संस्थांनी एकत्र येऊन स्वतःची खरेदी संघटना उभी केली. ती आजही चालू आहे. लंडनच्या सरकारने ती त्यांच्यावर लादलेली नव्हती. शाळांना लागणारे कागद आणि फर्निचर एकत्र घेतले तर स्वस्त पडते हे त्यांना स्वतःला पटले होते.

पण इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. यॉर्कशरमधील या घटनेनंतर अवघ्या वर्षाने, १९७५ साली, मुंबईत ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. महागाईने पिचलेली मध्यमवर्गीय कुटुंबे शेजारपाजाऱ्यांचे संघ करून एकत्र आली. महिन्याच्या वाणसामानाची यादी एकत्र करावयाची, माल एकगठ्ठा घ्यावयाचा आणि तो घरोघरी पोचविण्याचे काम आपसांत वाटून घ्यावयाचे. या उपक्रमाला ना अनुदान होते, ना शासन निर्णय. प्रत्येक गृहिणी आपली यादी आपणच करीत होती. कोणाला किती साखर लागते हे दुसरे कोणी ठरवीत नव्हते. एकाकी ग्राहक दुबळा असतो आणि संघटित ग्राहक बाजाराशी बरोबरीने बोलू शकतो, हे या कुटुंबांनी अनुभवाने सिद्ध केले. जे गृहिणींना जमले ते ग्रामपंचायतींना का जमू नये?

आणि खेड्यांना तर ही कल्पना मुळीच परकी नाही. ज्याच्याकडे मनुष्यबळ अपुरे त्याच्या शेतात चारचौघांनी राबावे आणि त्याने उलट त्यांच्या शेतात राबून फेड करावी, याला आपल्याकडे सावड म्हणतात. सावडीत शेत ज्याचे त्याचे असते, पीक ज्याचे त्याचे असते. एकत्र येतात ते फक्त हात. कोणी कोणाचा मालक नसतो आणि कोणी कोणावर उपकार करीत नसतो. स्थानिक संस्थांच्या खरेदीला हीच सावड हवी आहे.

तालुक्याची सावड

ही सावड प्रत्यक्षात कशी असावी? तिचे क्षेत्र तालुका हे असावे. गाव त्यासाठी फार लहान आहे आणि राज्य फार मोठे. तालुक्यातील ज्या ग्रामपंचायतींची इच्छा असेल त्यांनी ठराव करून एक संयुक्त खरेदी समिती नेमावी. तालुक्याच्या गावच्या नगरपंचायतीलाही तीत सहभागी होता यावे. दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी समान हिताच्या कामासाठी संयुक्त समिती नेमण्याची तरतूद आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. हत्यार घरात आहे. ते वापराअभावी गंजले आहे, इतकेच.

समितीने आरंभी मोजक्याच, फार तर दहा, मानकाच्या वस्तू निवडाव्यात. प्रत्येक वस्तूचे वर्णन एकदाच, पण जाणकारांच्या साह्याने नीट लिहावे. ऐंशी ग्रामसेवकांनी ऐंशी प्रकारे लिहिण्यापेक्षा पंचायत समितीतील अभियंता आणि आरोग्य अधिकारी यांनी एकदा बसून लिहिलेले वर्णन केव्हाही सरस ठरेल. त्यानंतर प्रत्येक गावाने आपली वर्षाची मागणी डिसेंबरपर्यंत कळवावी. सर्वांची बेरीज करून एकच ई-निविदा काढावी. तीत ठरेल तो दर. त्या दराने आपला आदेश मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीने आपणच द्यावा आणि देयकही आपल्याच खात्यातून चुकवावे. म्हणजे पैशावरचा ताबा गावाकडेच राहतो.

एकत्र खरेदी म्हणजे एकदम खरेदी नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. वर्षभराचे विरंजक चूर्ण एप्रिलमध्ये आणून गोदामात रचून ठेवले तर पावसाळा येईतो ते निकामी होण्याचा धोका आहे. दर वर्षाचा ठरवावा. माल मात्र दर महिन्याला थोडा थोडा, ताजा यावा. प्रत्येक खेपेचा नमुना तपासला जावा आणि तो उतरल्याखेरीज देयक निघू नये. एकट्या गावाला हे तपासणीचे बंधन घालणे अशक्य आहे. ऐंशी गावांच्या मागणीला कोणताही पुरवठादार ते आनंदाने मान्य करील.

याचा आणखी एक लाभ म्हणजे मार्चअखेरची झुंबड कमी होईल. वर्षभर धारिका झोपलेल्या आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्र रात्र जागणारी कार्यालये, हा आपला वार्षिक उत्सवच होऊन बसला आहे. वर्षाच्या अखेरीस होणारी खर्चाची घाई हा वित्तीय शिस्तीचा भंग होय, असे केंद्राचे नियम स्पष्ट शब्दांत सांगतात. पण ज्या कारकुनाला एप्रिल ते फेब्रुवारी दर आणि वर्णनच उपलब्ध झालेले नसते, त्याला केवळ नियम वाचून दाखविल्याने काय साधणार? दर आधीच ठरलेला असेल तर गरज पडेल तेव्हा आदेश देता येईल.

आता तर शासकीय खरेदीचे जेम हे संगणकीय दालन २०१६ पासून चालू आहे आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ते ग्रामपंचायतींच्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीशी जोडले गेले आहे, मग निराळी सावड कशाला, असे कोणी विचारील. या दालनाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. दर उघड झाले, पुरवठादारांची संख्या वाढली, हा लाभच आहे. परंतु त्यामुळे खिडकी एक झाली, रांगेतील प्रत्येकजण मात्र एकटाच राहिला. पडद्यावर दिसणारी वस्तू आणि गावात उतरणारी वस्तू एकच आहे की नाही हे पाहण्यासाठी शेवटी माणसेच लागतात. सावड या दालनाला पर्याय नव्हे. त्या दालनात एकत्रितपणे शिरण्याची ती रीत आहे.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप स्थानिक व्यापाऱ्यांचा. तालुक्याची मागणी एकत्र झाली की बाहेरचा मोठा पुरवठादार येईल आणि गावच्या दुकानदाराच्या पोटावर पाय येईल. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. म्हणूनच मापाच्या वस्तू, दुरुस्ती आणि नाशवंत माल यांना सावडीबाहेर ठेवावयास हवे. मानकाच्या वस्तूंसाठीही निविदेचे वेगवेगळे भाग पाडून लहान पुरवठादारांना वाव देता येईल. मात्र स्थानिक व्यापाराचे रक्षण म्हणजे निःसत्त्व चूर्णाला दिलेले अभय, असा अर्थ कोणी करू नये. ज्या दुकानदाराचा माल परीक्षेला उतरतो त्याला सावडीचे भय बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, व्यवहार मोठा झाला की लाचही मोठी होईल. ऐंशी ठिकाणी झिरपणारे पाणी एका ठिकाणी तुंबेल. दरकरारांचा इतिहास पाहता हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्यावर केवळ सदिच्छेने उत्तर देता येणार नाही; रचनेनेच दिले पाहिजे. समितीचे सदस्य दरवर्षी पाळीपाळीने बदलावेत. वस्तूचे वर्णन लिहिणारा, निविदा उघडणारा आणि माल तपासणारा या तीन निराळ्या व्यक्ती असाव्यात. ठरलेला दर, पुरवठादाराचे नाव आणि तपासणीचे निकाल प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. अशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने घातलेलेच आहे. ऐंशी धारिकांवर नजर ठेवणे नागरिकाला अशक्य आहे; एका धारिकेवर ठेवणे शक्य आहे. आणि बाहेर पडण्याचा मार्ग सदैव खुला असावा. बाजारात तीच वस्तू त्याहून स्वस्त व चांगली मिळत असेल, तर कोणत्याही गावाला कारणे नोंदवून ती स्वतंत्रपणे घेता आली पाहिजे. दरकरारात ही मोकळीक नव्हती म्हणून ते सडले.

तिसरा आक्षेप स्वायत्ततेचा. इतक्या प्रयासाने मिळालेले अधिकार पुन्हा तालुक्याच्या हवाली का करावयाचे? २०२२ नंतर राज्यातील कित्येक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. त्या अनुभवानंतर लोकप्रतिनिधींनी अधिकारांविषयी हळवे असावे, हे स्वाभाविक आहे. पण सावडीत अधिकार कोणीच सोडीत नाही. काय घ्यावयाचे आणि किती घ्यावयाचे हे गावच ठरविते. भावाची घासाघीस तेवढी सर्व मिळून करतात. मात्र येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. सावड स्वेच्छेची असली पाहिजे. मंत्रालयाने उद्या एक शासन निर्णय काढून ३५१ तालुक्यांत सावडी सक्तीच्या केल्या, तर त्याच दिवशी त्या मृत होतील आणि दरकराराचे भूत नव्या नावाने वावरू लागेल. शासनाने नमुना नियम द्यावेत, तपासणीच्या प्रयोगशाळा वाढवाव्यात आणि बाजूला उभे राहावे. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण भाषणांत पुष्कळदा वापरतो. येथे ती अक्षरशः खरी ठरण्याची संधी आहे.

कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी

अशा सुधारणा केवळ वरून होत नाहीत. त्यांची खरी मदार ज्यांच्यावर असते त्यांत या पृष्ठाचे पुष्कळसे वाचक मोडतात. साठा नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनाला कोणता माल टिकला आणि कोणता मोडला हे सर्वांआधी कळते. पण त्याचा तो अनुभव नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात मुका पडून राहतो. शेजारच्या कार्यालयातील सहकाऱ्याशी त्याने दरांची नुसती तुलना केली तरी सावडीचा पहिला धडा गिरविला असे होईल. शाळा व्यवस्थापन समितीत सचिव म्हणून बसणाऱ्या मुख्याध्यापकांना केंद्रातील इतर शाळांशी बोलून बाकांचे किंवा जलशुद्धीकरण यंत्रांचे दर एकत्र मागविता येतील. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार असते. आपल्या तालुक्यातील वीस गावांनी एकच दिवा किती निरनिराळ्या दरांनी घेतला, याहून जिवंत विषय कोणता असेल?

खरेदी हा शब्द रूक्ष आहे. त्याच्या नावाने मोर्चे निघत नाहीत आणि निवडणुकाही जिंकल्या जात नाहीत. पण लोकशाही ही केवळ मतपेटीत वसत नाही. ती साठा नोंदवहीतही वसते. मृगाच्या पहिल्या पावसात विहिरीत टाकलेल्या चूर्णात गुण शिल्लक असावा, एवढीच गावाची अपेक्षा आहे. ती पुरी करणे कोणत्याही एका ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नसेल. शेजारच्या गावाचा हात हाती घेतला तर ते ऐंशी गावांच्या आवाक्यात नक्कीच आहे. पेरणीसाठी आपण शेजाऱ्याला हाक मारीत आलो. तीच हाक आता ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतून निघावयास हवी.